फुगा, दोरी आणि गाठ: घरच्या स्लॉट कार ट्रॅकवर रिव्हर्सिंग लूपचं वायरिंग

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मुलुंडच्या आमच्या घरात, हॉलच्या भिंतीपासून पॅसेजच्या टोकापर्यंत, मी बारा फूट लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद असा स्लॉट कारचा, म्हणजे खाचेतून विजेवर धावणाऱ्या खेळण्यातल्या गाडीचा, ट्रॅक मांडला. लेकाला घाटातला रस्ता हवा होता. गाडी वर जाणार, वळणार आणि त्याच रस्त्याने खाली येणार. म्हणून टोकाला एक गोल काढला (हाच रिव्हर्सिंग लूप), तांब्याची पट्टी सलग फिरवून मूळ रस्त्याला आणून चिकटवली आणि बटण दाबलं. गाडी ठेवायच्या आधीच अॅडॉप्टरचा हिरवा दिवा गेला.

पुढचे तीन आठवडे जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी इलेक्ट्रॉनिक्सवाली नाही, पण माझे सासरे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत आणि जुन्या एक्स्चेंजचे रिले (विजेने ओढले जाणारे स्विच) त्यांनी आयुष्यभर हाताळलेत. त्यामुळे जिथे खाली "अण्णा म्हणाले" येईल, तिथे तेवढं बिनघोर माना.

हे सगळं साध्या, म्हणजे अॅनालॉग गाड्यांसाठी आहे. डिजिटल सेटच्या गाडीत आणि पॉवर बेसमध्ये (ट्रॅकला वीज देणाऱ्या भागात) इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्यावर हे प्रयोग करू नका.

१. आधी एक कागदाची पट्टी कापा

स्लॉट कारच्या रस्त्यात एक खाच असते आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना एकेक विजेची पट्टी. गाडीच्या नाकाखाली गाईड असतं, ते खाचेत बसतं. गाईडच्या दोन्ही अंगांना तांब्याचे विणलेले ब्रश असतात, ते पट्ट्यांवर घासतात. उजव्या ब्रशला प्लस मिळाला की गाडी पुढे जाते असं धरू. तीच गाडी उचलून उलट्या तोंडाने ठेवली, तर तिच्या उजव्या ब्रशला मायनस मिळतो आणि ती मागे जायला बघते. लोकलला दोन्ही टोकांना केबिन आहे, तिला वळावं लागत नाही. आपल्या गाडीचं गाईड पुढेच असतं. रिव्हर्स घेतला की नाक इकडेतिकडे भरकटून खाचेबाहेर येतं. म्हणजे वळवूनच आणायला हवी.

आता जुन्या लग्नपत्रिकेची एक लांब पट्टी कापा. एक कड लाल रंगवा, दुसरी निळी. दोन्ही बाजूंनी रंगवा. पट्टी टेबलावर सपाट ठेवून टोक गोल वळवा आणि पुन्हा मूळ पट्टीला आणून भिडवा. लाल कड निळीला मिळते. माझा अॅडॉप्टर गेला तो इथेच. प्लस जाऊन थेट मायनसला चिकटला होता.

अण्णांना दाखवलं तर ते ट्रामच्या गोष्टीवर गेले. मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम आली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली. दादर टीटीमधलं टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. त्यांचं म्हणणं, ट्रामला ही कटकट नव्हती. विजेची एक बाजू डोक्यावरच्या तारेत, दुसरी रुळांत. कितीही गरागरा फिरवा, तार तारेलाच मिळणार आणि रूळ रुळालाच. आपल्याकडे दोन्ही बाजू खाली, शेजारी शेजारी. म्हणून भांडण.

पुढे तीन शब्द सतत येतील. टोकाचा गोल म्हणजे फुगा. येण्याजाण्याचा सामायिक रस्ता म्हणजे दोरी. दोन्ही जिथे मिळतात ती गाठ. हे आमच्या घरातले शब्द आहेत, दुकानात चालणार नाहीत.

सगळ्या वायरिंगचा मंत्र एवढाच: फुग्याची वीज कधीच बदलायची नाही. गाडी फुग्यात फिरत असताना दोरीची वीज उलटी करायची.

२. सामान

लाकूडकामासाठी:
- १२ मिलिमीटर एमडीएफची ८ बाय ४ फुटांची एक शीट. प्लायवूडच्या दुकानातूनच उभी दोन फुटी कापून आणा. घरी कापायला गेलात तर पस्तावाल.
- ३ मिलिमीटरचं सरळ पातं लावलेला राऊटर (लाकडात खाच कोरायचं यंत्र). विकत घेऊ नका. फर्निचरचं काम करणाऱ्या कुठल्याही सुताराकडे असतो, अर्ध्या दिवसाची मजुरी द्या.
- प्रायमर, ऑइलपेंट, सॅंडपेपर, धुळीसाठी मास्क.

विजेसाठी:
- ६ मिलिमीटर रुंद तांब्याची चिकटपट्टी
- १२ व्होल्ट, ३ अँपिअरचा बंद डब्यातला अॅडॉप्टर
- २ अँपिअरचा काचेचा फ्यूज आणि त्याचा होल्डर
- सहा पायांचा डीपीडीटी (दोन वायरी एकदम बदलणारा) टॉगल स्विच
- दोन रंगांची वायर, १ स्क्वेअर एमएमची
- सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, मल्टिमीटर
- गाडी आणि तिच्याच सेटचा हातातला कंट्रोलर (दाबून वेग कमी-जास्त करायचा)

विजेचं बहुतेक सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा, चालत पाच-सात मिनिटं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असेल. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. "टॉगल स्विच द्या" एवढंच म्हणालात तर दुकानदार तीन पायांचा हातात ठेवील. "सहा पायांचा, दोन पोझिशनचा" म्हणा. मधे बंद होणाराही येतो, तो नको. घाईत खटका मधेच अडकतो आणि दोरी मरते.

उघड्या स्क्रूचा जाळीदार एसएमपीएस (२३० व्होल्टचे १२ करणारा डबा) स्वस्त पडतो आणि पोरं असलेल्या घरात तो अजिबात आणू नये. त्याच्या एका टोकाला २३० व्होल्ट उघडे असतात. बंद अॅडॉप्टरच घ्या.

३. मापं आणि खाच

मी पहिला गोल "डोळ्याने" काढला होता. तसं करू नका. आमची मापं देते.

फुग्याची त्रिज्या २० सेंटिमीटर. म्हणजे गोलाचा व्यास ४०, आणि वळणावर गाडीचं शेपूट बाहेर फेकलं जातं म्हणून दोन्ही बाजूंना १० सेंटिमीटर मोकळी जागा. झाले ६०, म्हणजे दोन फुटी फळी. दोरी फळीच्या मध्यातून नेऊ नका. एका कडेपासून १० सेंटिमीटरवर सरळ न्या. गाडी सरळच फुग्यात शिरेल, गोल फिरेल आणि पलीकडून तिरकी येऊन दोरीला मिळेल. ही परतीची वाट मोठ्या, ४० सेंटिमीटर त्रिज्येच्या उलट्या वळणाने आणा. गोल सुरू होतो त्याच्या साधारण ५५ ते ६० सेंटिमीटर आधी गाठ पडते.

आठ फुटी फळीवर दोन्ही टोकांचे फुगे बसतात खरे, पण मग दोरी दोन फुटांच्या आसपासच उरते. घाट कसला, गतिरोधक. दुसऱ्या तुकड्यातून चार फूट कापून मधे जोडले आणि मग जरा रस्त्यासारखा रस्ता झाला.

खाच ३ मिलिमीटर रुंद, ७ खोल. गोलासाठी राऊटरला एक लोखंडी सळी बांधून तिचं दुसरं टोक खिळ्यावर फिरवायचं, कंपाससारखं. एका दमात सात मिलिमीटर खोल जाऊ नका, पातं तुटतं. दोन किंवा तीन फेऱ्यांत कापा. आणि एमडीएफची धूळ पिठासारखी बारीक असते, गॅलरीत कापली तरी खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर बसते. दुपारी दोन ते चार तर राऊटर हातात घेऊच नका. आम्हाला दोन्ही धडे एकाच दुपारी मिळाले.

४. गाठीतली झडप

वायरिंगच्या लेखात सुतारकाम कशाला, असं वाटेल. पण वीज बरोबर असूनही आमची गाडी पहिले चार दिवस इथेच अडकत होती.

दोरीवरून येणाऱ्या गाडीपुढे गाठीत दोन खाचा असतात: सरळ आणि तिरकी. तिने नेहमी सरळ जायला हवं. परतणारी गाडी मात्र तिरक्या खाचेतून दोरीत यायला हवी. त्यासाठी मोटर लागत नाही. जुन्या एटीएम कार्डाची एक पट्टी पुरते: पाच-सहा सेंटिमीटर लांब, सहा मिलिमीटर उंच. ती खाचेत उभी बसवायची, अशी की सरळ खाचेची भिंत अखंड व्हावी आणि तिरक्या खाचेचं तोंड झाकलं जावं. परतणारं गाईड तिला ढकलून बाहेर येतं आणि कार्डाचा ताठपणा तिला परत जागेवर नेतो.

आता खरा प्रश्न: चिकटवायचं कुठलं टोक? दोन खाचांच्या मधे जी लाकडाची निमुळती जीभ उरते, त्या जिभेला झडपेचं एक टोक चिकटवा. मोकळं टोक दोरीच्या दिशेला. मी नेमकं उलटं केलं होतं. मग परतणारं गाईड झडप आणि भिंत यांच्या चिमट्यात शिरत होतं आणि पाचर मारल्यासारखं घट्ट बसत होतं. पोराला वाटलं गाडी बिघडली. त्याने ओढली आणि गाईडचा खुंटा तुटला.

मोकळं टोक भिंतीशी अगदी चपखल बसलं पाहिजे, नाहीतर दोरीवरून येणारं गाईड त्याच्यावर आदळेल. भिंतीत अर्ध्या-एक मिलिमीटरची कोर कोरून टोक त्यात टेकवा. मग नुसतं गाईड हातात धरून दोन्ही दिशांनी वीस-वीस वेळा फिरवा. बोटाला कुठेही खट् लागलं नाही, की पुढे जा.

५. तांब्याची पट्टी आणि बिनविजेचा पट्टा

आधी रंग, मग तांबं. खाचेच्या आतल्या भिंतींनाही पातळ केलेला रंग पाजा. मुंबईच्या पावसाळ्यात कोरं एमडीएफ फुगतं आणि ३ मिलिमीटरची खाच जुलैत गाईडला पकडते.

खाचेच्या कडेपासून १ मिलिमीटर सोडून पट्टी लावा, वळणावर बोटाने ताणत ताणत. जिथे जोड येईल तिथे पट्टीवर पट्टी दाबून भागत नाही. खालच्या गोंदातून वीज धड जात नाही. जोडावर सोल्डरचा एक टिपका द्या, आयर्न पटकन उचला. दोन फळ्यांच्या सांध्यावर पट्टी नेऊच नका, खालून वायरचा पूल द्या.

गाठीपाशी काय करायचं, यावर मी बराच कागद वाया घालवला. तिथे पट्ट्या एकमेकींच्या खाचा ओलांडतात आणि लाल-निळं पुन्हा भिडायला बघतं. शेवटी सर्वात सोपं केलं: गाठीत तांबंच नाही. दोरीच्या दोन पट्ट्या गाठीआधी संपवल्या, फुग्याच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्या गाठीनंतर सुरू केल्या. मधे सुमारे १२ सेंटिमीटर बिनविजेचं. पट्ट्यांची टोकं कात्रीने ३ मिलिमीटर रुंदीची केली तर हे अंतर ९ वर येतं.

यात दुहेरी फायदा आहे. गाडीचा ब्रश अडीच-तीन सेंटिमीटरचा. बिनविजेचा पट्टा त्याहून कितीतरी लांब, त्यामुळे ब्रश एकाच वेळी दोरीला आणि फुग्याला शिवूच शकत नाही. स्विच चुकला तरी शॉर्ट नाही. आगगाडीच्या मॉडेलवाल्यांना हे सुख नाही. त्यांची धातूची चाकं गाडीभर पसरलेली असतात आणि अख्खी गाडी फुग्यात मावावी लागते. आपल्याकडे वीज फक्त नाकातून येते.

तोटा एक. गाडी या पट्ट्यावरून निव्वळ वेगावर जायला हवी. रेंगाळलात तर मधेच थांबेल आणि बोटाने ढकलावी लागेल.

६. स्विच

सोल्डर लावण्याआधी गाडी उलटी धरा आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी तिच्या दोन ब्रशांना टेकवा. चाकं पुढे फिरली तेव्हा प्लस कुठल्या ब्रशला होता ते पाहा. डावा-उजवा ठरवताना गाडी उलटी आहे हे विसरू नका! चाकं टेकलेली आहेत असं मनात धरून बाजू ठरवा आणि कागदावर लिहा. पुढे मी उजवा प्लस धरते. तुमचा डावा निघाला तर सगळीकडे अदलाबदल करा.

वायर अशी जाते:

- अॅडॉप्टरचा प्लस फ्यूजमधून कंट्रोलरला. कंट्रोलरमधून बाहेर येणाऱ्या वायरला क म्हणू.
- अॅडॉप्टरचा मायनस थेट, त्याला ख म्हणू. कंट्रोलरला ब्रेकची तिसरी वायर असेल तर ती 'ख'लाच जोडा.
- फुगा: गाडी फिरते त्या दिशेने उजवी पट्टी 'क'ला, डावी 'ख'ला. कायमची. दुसऱ्या टोकाच्या फुग्यालाही हेच.
- दोरी: स्विचमधून.

स्विच उलटा करून बघा, दोन-दोन पायांच्या तीन ओळी दिसतील. मधल्या ओळीचे दोन पाय दोरीच्या दोन पट्ट्यांना. वरच्या ओळीत डावीकडे क, उजवीकडे ख. खालच्या ओळीत फुलीसारख्या वायरी ओढा: वरचा डावा खालच्या उजव्याला, वरचा उजवा खालच्या डाव्याला. फुलीच्या दोन वायरी एकमेकींना उघड्या शिवणार नाहीत याची काळजी घ्या, त्यावर प्लास्टिकच्या नळीचा (स्लीव्हचा) तुकडा चढवा. खटका पाडला की दोरीची वीज उलटी.

दोन सापळे इथेच आहेत. एक, स्विच कंट्रोलरच्या आधी बसवू नका. "प्लस-मायनस अॅडॉप्टरपाशीच फिरवू, एकाच जागी काम" असा मोह होतो. मग फुग्याची वीजही फिरते आणि सगळा डाव फसतो. कंट्रोलर इलेक्ट्रॉनिक असेल तर उलट्या विजेने तो जळूही शकतो. दुसरा, फुग्याला अॅडॉप्टरवरून वेगळा थेट प्लस देऊ नका. तोही 'क'वरूनच घ्या, नाहीतर गाडी फुग्यात शिरताच तुमच्या बोटाचं न ऐकता पूर्ण वेगाने सुटेल.

७. गाडीऐवजी मीटर फिरवा

आधी शॉर्ट तपासा. मीटर बझरवर ठेवून प्रत्येक भागाच्या दोन पट्ट्यांमध्ये टेकवा. आवाज यायला नको. ट्रॅकवरची गाडी उचला आणि कंट्रोलर काढून ठेवा. मी हे केलं नव्हतं. सगळीकडे बझर वाजत होता आणि चांगली चिकटवलेली दीड मीटर पट्टी मी उखडून काढली. ब्रेकवाला कंट्रोलर सोडलेला असताना दोन्ही पट्ट्या आतून जोडतोच, ते त्याचं कामच आहे. अण्णा वरून बघत होते. पट्टी उखडून झाल्यावर बोलले.

मग मीटर डीसी व्होल्टवर, कंट्रोलर जोडून कुणाला तरी दाबून धरायला सांगा. लाल प्रोब म्हणजे गाडीचा उजवा ब्रश, काळा म्हणजे डावा. दोन्ही एका हातात धरून गाडीच्या वाटेने चाला: दोरी, फुग्यात आत, गोल फिरून परतीच्या टोकापर्यंत. तिथे थांबा, खटका पाडा, आणि दोरीवरून उलट्या दिशेने परत या. तुम्ही वळलात म्हणजे प्रोबही वळले पाहिजेत. लाल कायम तुमच्या चालण्याच्या उजव्या हाताला. मीटरवर अख्ख्या प्रवासात कुठेही वजा चिन्ह दिसता कामा नये. दिसलं तर त्या भागाच्या दोन वायरी अदलाबदल करा, बाकीचं काही हलवू नका.

८. पहिली फेरी

फुग्याची पूर्ण वाट आमच्या मापांत जवळपास १९० सेंटिमीटर. सेकंदाला दीड मीटरने गेलात तर खटका पाडायला सव्वा सेकंद मिळतो. पहिल्या दिवशी तेवढा पुरत नाही. गाडी फुग्यात थांबवा, खटका पाडा, मग निघा. पोरांनी आमच्या फुग्यात बसस्टॉप केलाय, त्यामुळे थांबायला सबबही आहे.

खटका विसरलात तर गाडी गाठ ओलांडून दोरीवर येते, उलटी वीज लागताच कचकन थबकते, मागे सरकते आणि बिनविजेच्या पट्ट्यात जाऊन बसते. काही जळत नाही. खटका पाडा, बोटाने पुढे ढकला.

एका वेळी एकच गाडी. दोरी एकच आहे, तिची वीजही एकच. दुसरी गाडी मागून सोडली, तर पहिलीसाठी खटका पाडताच दुसरी मागे धावते. आमच्याकडे रॅलीसारखं घड्याळ लावतात, एकेकाची वेळ मोजतात.

९. खटक्याऐवजी रिले, हवा असेल तर

दोन्ही टोकांना फुगे झाले की हे काम गाडीलाच सांगता येतं. क फुग्यात शिरली की दोरी "क कडून निघण्यासाठी" तयार व्हावी, असं म्हणणार होते, पण क आधीच वापरलाय. म्हणून फुग्यांना दार आणि खिडकी म्हणू. आमचे तसेच आहेत.

१२ व्होल्टचा, चौदा पायांचा, चार पोलांचा (एकत्र हलणाऱ्या चार स्विचांचा) रिले बेससकट घ्या. दोन पोल टॉगलचं काम करतील, फुलीसकट तसंच जोडायचं. तिसरा पोल रिलेला स्वतःला धरून ठेवण्यासाठी. दाराच्या फुग्याखाली एक रीड स्विच. गाडीचं चुंबक वरून गेलं की तो मिटतो, रिले ओढला जातो आणि तिसऱ्या पोलमधून स्वतःची वीज चालू ठेवतो. खिडकीच्या फुग्याखाली दुसरा रीड. तो एका छोट्या रिलेला ओढतो आणि त्या छोट्याचा एरवी जोडलेला असणारा संपर्क मोठ्याच्या धरून ठेवण्याच्या वायरीत बसवायचा. छोटा ओढला गेला की मोठा सुटतो. सुरुवातीला रिले सुटलेलाच असतो, म्हणून खेळ नेहमी खिडकीकडून सुरू करा.

रिलेची वीज अॅडॉप्टरवरून थेट घ्या, 'क'वरून नाही. नाहीतर कंट्रोलर सोडला की रिलेही सुटेल. रिलेच्या प्रत्येक कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) लावा. रीड फळीखालून भोक पाडून वरच्या थरापासून दोन मिलिमीटरवर आणा. गाडीला चुंबक नसेल तर एक छोटं निओडिमियम चुंबक पोटाशी चिकटवा.

आमचा रिले तरीही दहातून तीनदा चुकायचा. अण्णांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "क्लिक होतच नाही, अर्धवट हुंकार देतोय." गाडी सुसाट गेली की रीड अगदी क्षणभर मिटतो, तेवढ्यात मोठा रिले ओढला जात नाही. दोन रीड एकापुढे एक ठेवून समांतर जोडले, क्षण दुप्पट लांबला, चुका थांबल्या.

१०. स्विच नको, रिले नको असेल तर

गाडीतच एक छोटा ब्रिज रेक्टिफायर बसवता येतो: ब्रशांच्या वायरी त्याच्या दोन एसी पायांना, मोटर प्लस-मायनसला. मग पट्टीवर प्लस कुठेही असो, गाडी पुढेच जाते. दोरी 'क'ला-'ख'ला कायमची जोडून टाका. गाठीतला बिनविजेचा पट्टा मात्र हवाच.

याची किंमत अशी: सुमारे १.४ व्होल्ट रेक्टिफायरमध्येच खर्च होतात आणि ब्रेक जातो. ब्रेक म्हणजे फिरत्या मोटरने तयार केलेली वीज पट्ट्यांतून शॉर्ट होणं, आणि डायोड ती बाहेर पडूच देत नाही. कंट्रोलर सोडला तरी गाडी घरंगळत वळणापर्यंत जाते. रेसच्या गाडीत हे नकोच. माझ्या भाचीच्या दुधाच्या टेम्पोत बसवलाय, तो तसाही कुणाला हरवायला निघालेला नाही.

११. जूनच्या आधी

आमच्याकडे पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत तांबं काळपट पडलं आणि गाडी दोरीवर धक्के खात चालू लागली. मी परत वायरिंग उघडायला बसले होते. वायरिंगला काही झालं नव्हतं. पट्टी सॅंडपेपरने घासू नका, ओरखड्यांत काजळी लवकर बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून पुसा, ब्रशांची टोकंही पुसून पंख्यासारखी उलगडा. प्लास्टिकच्या सेटचा ट्रॅक असेल तर त्याच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज धरतो, त्या पावसाळाभर पिशवीत बांधून कपाटावर टाका. पुसायला पांढरं कापड घ्या, जुनं बनियन उत्तम. त्यावर काळं उमटायचं थांबलं की गाडी ठेवा.